लाल न होणारा ग्रोशन

१

सिबिला बेकरीण टांकसाळीच्या पायऱ्या चढताना दिसली की आतली माणसं कामात एकदम गढून जायची. बाई वाईट नव्हती, पण तिच्या तक्रारीत नेहमी तथ्य असायचं, आणि तेच सगळ्यांना जड जायचं. त्या मंगळवारी ती थेट आल्बान क्रेसच्या टेबलापाशी आली, पिठानं माखलेल्या हातानं एक ग्रोशन समोर ठेवला आणि म्हणाली, "हा लाल होत नाही."

आल्बान रोडेनाउच्या टांकसाळीचा पारखी होता. नाण्यात ठरलेली चांदी आहे की नाही हे बघायचं आणि त्यावर आपला शब्द द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण त्या शब्दावर अख्खं गाव पाव विकत घ्यायचं. आणि लाल न होणारा ग्रोशन ही खरोखरच तक्रारीची गोष्ट होती. रोडेनाउच्या ग्रोशनमध्ये सोळा भागांत पाच भाग चांदी, बाकी सगळं तांबं. नाण्याच्या चकत्या मीठ आणि द्राक्षारसाच्या पिंपाच्या तळाशी बसणारा क्षार घालून उकळल्या, की वरवरचं तांबं निघून जातं आणि नाणं पांढरंफेक दिसतं. मग आठ दिवस हातोहात फिरलं की खरा रंग वर येतो, आणि तो आधी येतो नाकावर, कारण नाण्यावरच्या बिशपांच्या चेहऱ्यात नाकच सगळ्यांत उंच. "आमच्या बिशपना आठवड्याभरात चढते," असं लोक म्हणायचे. म्हणायचे प्रेमानं, कारण राज्य आणि धर्मपीठ दोन्ही सांभाळणारे हे राजबिशप आयुष्यभर पाणी पिऊन राहिले होते.

ते दीड महिन्यापूर्वी वारले. गादी रिकामी असताना कारभार कॅथीड्रलच्या मंडळाकडे जातो, आणि मंडळानं रिवाजाप्रमाणे त्यांच्या चेहऱ्याचे निरोपाचे ग्रोशन पाडून घेतले. तिसाव्या दिवशीच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर कॅथीड्रलच्या दारात गरिबांना ते एकेक वाटले गेले. सिबिलानं आणलेला ग्रोशन त्यातलाच होता. वेशीबाहेरच्या दोरवाल्याच्या बायकोनं पावासाठी दिलेला, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई रडत परत मागायला आली. भुकेपोटी दिला हो, पण त्यावर त्यांचा चेहरा आहे, असं म्हणत होती.

"आता परत द्यायचा म्हणून मी जरा पुसला," सिबिला म्हणाली. "पुसला काय, चांगला एप्रनवर घासला. इतका पांढरा कसा? कथील तर नाही ना? त्या बाईला फसवलं असेल कुणी तर मी गप्प बसणार नाही."

आल्बाननं तो कसोटीच्या दगडावर घासला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग कोपरा कापून भट्टीत रीतसर परीक्षा केली, एकदा, दोनदा. उत्तर तेच आलं. सोळात तेरा भाग चांदी.

खोटी नाणी त्यानं आजवर पुष्कळ पाहिली होती. शिशाची, कथलाची, चांदीचा मुलामा दिलेली. खोटं नाणं पाडणारा चांदी चोरतो. हा माणूस तर चांदी ओतत होता.

डीनसाहेबांना, म्हणजे मंडळाच्या प्रमुखांना, त्यानं तासाभरात कळवलं. ते थकलेले, कोरडे, हिशेबी गृहस्थ. त्यांनी नाणं उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले की मंडळानं जे पाडायला सांगितलं नाही ते खोटं, मग त्यात चांदी असो नाहीतर सोनं. आज जो चांगली पाडून लोकांचा विश्वास कमावतो तो उद्या शिशाची पाडेल. आणि असा हुबेहूब ठसा कोरू शकेल असा हात या गावात एकच आहे.

दुपारच्या घंटेआधी वेंडेलिन श्ट्रोबला शिपाई घेऊन गेले.

२

वेंडेलिन टांकसाळीचा ठसे कोरणारा. वय अडुसष्ट, एक पाय अधू, जीभ तेज. निरोपाच्या ग्रोशनचा ठसा त्याचाच, आणि तो मंडळाला देताना त्यानं डीनसाहेबांच्या तोंडावर सुनावलं होतं की हा चेहरा आणि हे तांबं एकत्र ठेवायची मला लाज वाटते. ते आता त्याच्या अंगावर आलं. शनिवारी मंडळापुढे सुनावणी होती, आणि खोटं नाणं पाडणाऱ्याला रोडेनाउमध्ये एकच शिक्षा होती. फास.

आल्बान वेशीच्या बुरुजातल्या कोठडीत गेला. मुलामे देणाऱ्या एका कारागिराचं तो पोरकं पोर. नाण्याकडे बघायचं कसं, भिंग धरायचं कसं, धातू खोटं बोलतो तेव्हा तो कुठे बोलतो, हे सगळं त्याला वेंडेलिननं शिकवलं, आणि वर जेवूही घातलं. आज घरात जे शिजतं ते मास्तरांच्या कृपेनं, असं तो बायकोला उठता बसता सांगायचा.

"मास्तर, हे बघा," तो म्हणाला आणि नाणं आणि भिंग पुढे केलं.

वेंडेलिननं खिडकीच्या उजेडात नाणं धरलं. बराच वेळ धरलं. चेहरा पाहिला, मागची बाजू पाहिली, कडा बोटानं चाचपली. त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, आणि त्यानं नाणं परत दिलं.

"चांगलं काम आहे."

"तुमचं?"

"ठसा माझाच. पुढचं विचारू नकोस."

आल्बाननं विचारलंच. दुसरा ठसा कोरला होता का, कुणाला दिला होता का, कुणी मागितला होता का. म्हातारा नुसता भिंतीकडे बघत राहिला. शेवटी त्यानं एवढंच सांगितलं की घरी दोन्ही नातवंडं एकटी आहेत, त्यांना रात्री सूप पोचेल असं बघ.

आल्बान बाहेर आला तो चिडूनच. निर्दोष माणूस बोलतो. अपराधी माणूसही बोलतो, उलट जास्तच बोलतो. गप्प कोण बसतं? जिन्याच्या मध्यावर त्याला आठवलं की मास्तरांनी भिंगातून चेहरा फारसा पाहिलाच नव्हता. ते पाहत होते नाण्यावरच्या बिशपांच्या हातातल्या दंडाच्या टोकाकडे.

३

टांकसाळीत नमुन्याची एक पेटी असते. ज्या दिवशी नाणी पाडली त्या दिवसाचं एक नाणं पारखी उचलतो, कागदात गुंडाळतो, वार लिहितो, सही करतो आणि पेटीत टाकतो. पुढेमागे वाद झाला तर पुरावा म्हणून.

निरोपाचे ग्रोशन पाडायला एक आठवडा लागला होता. आल्बाननं पेटी उघडून पुड्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. गुरुवार नव्हता, कारण गुरुवारी ख्रिस्तशरीराचा सण होता आणि टांकसाळ बंद होती.

मग त्यानं प्रत्येक नाण्यावर दंडाचं टोक पाहिलं.

सोमवारच्या नाण्यावर टोकापाशी काही नव्हतं. मंगळवारी तिथून केसाइतकी बारीक रेघ निघाली होती. ठशाला तडा जायला लागला की नाण्यावर अशी रेघ उमटते, आणि घावागणिक ती वाढते. बुधवारी रेघ शेजारच्या अक्षराच्या जवळ आली होती, पण पोचली नव्हती. शुक्रवारी ती अक्षर ओलांडून गेली होती. शनिवारी थेट कडेला भिडली होती.

सिबिलाच्या नाण्यावर रेघ अक्षराला नुकती टेकली होती. बुधवारच्या पुढे, शुक्रवारच्या मागे.

दुसऱ्या दिवशी तो वेशीबाहेर गेला आणि घरोघर फिरून आणखी सहा ग्रोशन नुसते बघायला मागितले. लोक देताना बिचकत होते, कुणी प्रार्थनेच्या पुस्तकातून काढलं, कुणी पाळण्याच्या उशीखालून. सहाच्या सहा पांढरे, आणि सहांवर रेघ तिथेच. तडा काही कुणाला कोरता येत नाही, त्यातही असा रोज थोडा वाढणारा. म्हणजे दुसरा ठसा नव्हताच. टांकसाळीचाच ठसा, टांकसाळीच्याच यंत्रात, गुरुवारी, सगळं गाव मिरवणुकीत असताना चालला होता. ठसा यंत्रात नीट बसवायला अर्धा दिवस जातो, म्हणून सणाला तो काढत नाहीत, खोलीला कुलूप घालतात. ते कुलूप आल्बाननंच घातलं होतं.

धावतच तो डीनसाहेबांकडे गेला. मास्तरांनी दुसरा ठसा कोरला हा आरोप फोल ठरला, हे त्याला कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

डीनसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "टांकसाळीचे सगळे लोक मिरवणुकीत होते?"

"आपल्या झेंड्यामागे. मी स्वतः मोजले."

"श्ट्रोब?"

अधू पायामुळे मास्तर मिरवणुकीत नव्हते. आणि त्यांचं घर टांकसाळीच्या भिंतीला लागून होतं.

"तुझ्या मेहनतीबद्दल मंडळ आभारी आहे," डीनसाहेब म्हणाले. "आता माझ्या मनात शंका उरली नाही."

४

आल्बान परत कोठडीत गेला. गुरुवारी कुठे होतात, असं विचारलं तर वेंडेलिन म्हणाला, दारात खुर्ची टाकून बसलो होतो. कुणी पाहिलं? सगळं गाव देवामागे गेलेलं, कोण पाहणार. भिंतीपलीकडून काही ऐकलंत? त्यावर म्हातारा म्हणाला की कान आता म्हातारे झाले.

हे साफ खोटं होतं. शेजारच्या गल्लीत कुणी त्याच्या पायाबद्दल काही बोललं तरी वेंडेलिनला ऐकू यायचं.

म्हणजे मास्तरांना माहीत होतं, आणि ते कुणाला तरी पाठीशी घालत होते. आल्बान घरी आला, नाणं पुढ्यात ठेवून बसला. बायकोनं कोबीचं सूप वाढलं, ते गार झालं. ती म्हणाली, त्या नाण्याकडे काय बघतोस, त्याला तोंड आहे पण बोलत नाही. तेवढ्यात त्याला दिसलं. इतके दिवस डोळ्यांपुढे होतं आणि दिसलं नव्हतं.

नाण्याला चमक नव्हती. तेरा भाग चांदी म्हणजे घरातल्या चांगल्या ताटवाटीची चांदी. ती मुळातच पांढरी, ठशाखालून निघाली की लखलखते. हे नाणं मात्र धुवट, पिठूळ पांढरं होतं, मीठ आणि क्षारात उकळलेल्या नाण्यासारखं. तांब्याची लाज झाकायला उकळतात. इथे झाकायला लाज नव्हतीच, तरी कुणीतरी चकत्या उकळल्या होत्या. सोनारानं हे केलं नसतं. वेंडेलिननंही नाही, त्यानं आयुष्यात कधी कढईला हात लावला नव्हता. हे त्याच हातांचं काम, ज्यांना चकती म्हटली की ती आधी कढईत टाकायची एवढंच ठाऊक. विचार न करता, चाळीस वर्षांच्या सवयीनं.

टांकसाळीच्या मागच्या खोलीत वालबुर्गा कढई घासत होती. ठेंगणी, साठी उलटलेली बाई, क्षारानं हातांची सालटं गेलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे. मिरवणुकीत मोजताना आल्बाननं तिला धरलंच नव्हतं. कढईवाली झेंड्यामागे चालत नाही, सणालासुद्धा तिला भिजवलेल्या चकत्यांकडे बघावं लागतं. तिच्या खोलीतून यंत्राच्या खोलीत एक दार होतं. लाकूड फुगून ते दोन वर्षांपासून लागत नव्हतं, आणि सुताराला बोलावतो बोलावतो म्हणत आल्बाननं बोलावलं नव्हतं. पुढच्या दाराला तो इमानानं कुलूप घालत राहिला होता. स्वतःला शिव्या घालाव्यात तितक्या थोड्याच होत्या.

"मावशी," तो म्हणाला, "तेरा भागांची चांदी कशाला उकळलीत?"

तिनं घासणं थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "हो की. तिला गरजच नव्हती." मग कढई पालथी घातली, हात पुसले आणि स्टुलावर बसली. "वेंडेलिनला सोडतील ना आता? मी उद्याच डीनसाहेबांकडे जाणार होते. खरंच जाणार होते रे. पाय उचलत नव्हता."

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"त्या यंत्राचा दांडा एकानं फिरवायचा आणि चकती दुसऱ्यानं ठेवायची. एकट्यानं केलं तर बोटं तुटतात. तुमची दहाही शाबूत आहेत."

वालबुर्गानं दोन्ही हात एप्रनखाली घेतले. "मी एकटीच होते," ती म्हणाली, आणि त्यापुढे तिनं तोंड उघडलं नाही.

५

चांदी कुणाची, एवढंच शोधायचं राहिलं होतं, आणि ते फार अवघड नव्हतं. वालबुर्गा लाकडी चमच्यानं जेवणारी. ताटवाटीची चांदी ज्याच्याकडे असेल आणि जो मिरवणुकीत नसेल, असा माणूस हवा होता. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरानं महिनाभर मिरवणुकीत चालायचं नाही, हा रोडेनाउचा रिवाज. आणि त्या महिन्यात गावात सुतकाचं मोठं घर एकच होतं.

एमराम बावीस वर्षं बिशपांचा सेवक होता. उंच, ताठ, अजून काळ्या कोटात. बिशप गेले तेव्हा त्यांच्या मागे काही उरलं नव्हतं. दुष्काळाच्या हिवाळ्यात धान्य विकत घेता घेता घोडे गेले, गालिचे गेले. मृत्युपत्रात सेवकासाठी तेवढे बारा चांदीचे चमचे ठेवले होते. गावभर त्याचं कौतुक झालं होतं.

एमरामनं आल्बानला बसवलं, कुशल विचारलं आणि सवयीनं समोर सूप ठेवलं. सोबत चमचा ठेवला. लाकडी.

आल्बान त्या चमच्याकडे बघत राहिला. एमरामनं ते पाहिलं, आणि तोही खुर्ची ओढून बसला.

"मंडळानं यादी केली," तो म्हणाला. "वेशीच्या आतल्या गरिबांची. नावानिशी. तेवढेच ग्रोशन पाडायचे ठरले. मी विचारलं, वेशीबाहेरच्यांचं काय? म्हणाले, ते आपल्या दप्तरात नाहीत. पण ते येणार हे मला माहीत होतं. त्या हिवाळ्यात कोठार उघडलं तेव्हा सगळ्यांत लांबून तेच आले होते. त्या दिवशी यादी नव्हती. कारकून यादी घेऊन आला होता, आणि बिशपसाहेबांनी ती त्याच्या हातून घेऊन शेगडीत टाकली. मी तिथेच उभा होतो."

वाटपाच्या दिवशी टोपली धरायचा मान एमरामचा होता. बाराच्या घंटेला कारकुनानं यादी मिटली आणि तो जेवायला गेला. एमराम टोपली घेऊन तिथेच उभा राहिला. वेशीबाहेरचे लोक तीनशे अकरा आले, आणि तीनशे अकराही ग्रोशन घेऊन गेले.

"वालबुर्गाला मीच गळ घातली. तिचा यात दोष नाही," तो म्हणाला. "चमचे देताना मला वाईट वाटलं नाही. मला त्या माणसानं काय काय दिलं ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. त्यातलं काहीतरी परत करायला मिळालं."

कोडं सुटलं होतं. एका जिवाच्या जागी आता दोन जिवांचा फास त्याच्या हातात आला होता, आणि शनिवार उद्यावर होता.

६

सुनावणी सकाळी नवाला सुरू झाली. डीनसाहेब मधे, दोन्ही बाजूंना मंडळाचे दोन सभासद. वेंडेलिनला आणून बाकावर बसवलं होतं. वालबुर्गा आणि एमरामला घरीच थांबा म्हणून आल्बाननं परोपरीनं विनवलं होतं, आणि ती दोघं साडेआठपासून दाराशी उभी होती.

आल्बाननं काही लपवलं नाही. तड्याची रेघ, गुरुवार, उकळलेली चांदी, न लागणारं दार, बारा चमचे, सगळं ओळीनं सांगितलं. ऐकता ऐकता वेंडेलिननं डोळे मिटून घेतले. डीनसाहेबांनी लेखणी उचलली तेव्हा आल्बान म्हणाला की अजून माझं संपलेलं नाही.

"खोटं नाणं पाडणारा बाहेरून येतो, खोटा ठसा वापरतो, नाहीतर चांदी कमी घालतो. इथे माणूस टांकसाळीतला, ठसा टांकसाळीचा, आणि चांदी जास्त. चमचे मृत्युपत्रानं एमरामचे, त्यानं ते वितळवायचे की जेवायचे हा त्याचा प्रश्न. नियम एकच मोडला. एका दिवसाच्या नाण्यांचा नमुना पेटीत गेला नाही. नमुना घालणं माझं काम. दोन्ही दारं बंद ठेवणं माझं काम. मी दोन वर्षं सुतार बोलावला नाही. तेव्हा दप्तरात लिहायचं असेल तर असं लिहावं, की गुरुवारी नाणी पडली, पारखी हजर नव्हता, दोष पारख्याचा."

"आणि मंडळाचा हुकूम?" एका सभासदानं विचारलं. "हुकमावाचून नाणं पाडणं म्हणजे काय खेळ आहे?"

"नाही. म्हणूनच खटला चालवायचा तर जरूर चालवावा," आल्बान म्हणाला. "मात्र फाशीच्या खटल्यात पुराव्याची परीक्षा भर चौकात, लोकांसमोर करावी लागते. मंडळाचा ग्रोशन आणि गुरुवारचा ग्रोशन शेजारी शेजारी घासावा लागेल. पाच आणि तेरा."

डीनसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "तू मला धमकी देतोस?"

"नाही, डीनसाहेब. घासायचं काम माझंच आहे, म्हणून आधी सांगतो. आणि लोकांनी मला विचारलं, की यातला त्यांच्या चेहऱ्याला शोभणारा कुठला, तर मी पारखी आहे. मला खरंच सांगावं लागेल."

मग डीनसाहेबांनी एमरामला पुढे बोलावलं आणि विचारलं की असं करायला स्वर्गवासी साहेबांनी सांगितलं होतं का. हो म्हण, असं आल्बान मनातल्या मनात ओरडत होता. मेलेल्या धन्याचा हुकूम म्हटलं की सगळंच सोपं झालं असतं.

"नाही," एमराम म्हणाला. "शेवटचे आठ दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. पण बावीस वर्षं त्यांचं दार मी उघडत होतो. दाराशी आलेल्यापैकी कुणाला परत पाठव असं त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही. मला दुसरं काही करताच आलं नाही, साहेब."

डीनसाहेबांनी तोंडावरून हात फिरवला. त्या हिवाळ्यात धान्याचा खर्च बघून सगळ्यांत मोठ्यानं विरोध त्यांनीच केला होता, आणि शेवटी कोठाराच्या किल्ल्याही त्यांनीच आणून दिल्या होत्या. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

"मला त्यांचा राग यायचा," ते हळूच म्हणाले. "ते सगळं वाटून टाकायचे आणि मोजायला मला ठेवायचे." मग आवाज नेहमीसारखा कोरडा झाला. "लिहा. गुरुवारी तीनशे अकरा नाणी पडली. चांदी कमी नाही. नमुना काढला नाही, हा पारख्याचा हलगर्जीपणा. पारख्याला आजपासून कामावरून दूर करण्यात येत आहे. श्ट्रोबला सोडा. हे दोघं इथे कशाला आलेत मला माहीत नाही, त्यांना घरी जायला सांगा."

वालबुर्गाला ते नीट समजायला दोनदा सांगावं लागलं. समजलं तेव्हा ती डीनसाहेबांच्या हाताचं चुंबन घ्यायला पुढे झाली आणि त्यांनी घाईघाईनं हात मागे घेतला. मग तिनं आल्बानचा हात धरला आणि तो सोडेचना. तिची खरखरीत बोटं त्याच्या मनगटावर घट्ट होती, आणि ती परत परत म्हणत होती, देव तुझं भलं करो रे बाबा, देव तुझं भलं करो.

७

वेंडेलिनला घरी पोचवायला आल्बानच गेला. म्हातारा त्याच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होता. बाजाराचा दिवस होता. सिबिलानं दुकानातून पाहिलं, बाहेर आली, दोन गरम पाव वेंडेलिनच्या काखेत कोंबले आणि पैसे मागितले नाहीत. असं तिनं आजवर कुणासाठी केलेलं आल्बानच्या ऐकिवात नव्हतं.

"तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," आल्बान म्हणाला. "भिंगातून रेघ पाहिलीत."

"रेघ काय पाहायची. मी गुरुवारीच ऐकलं होतं. दारात बसलो होतो तेव्हा भिंतीपलीकडे यंत्र चाललं. धप, थांबायचं, धप. दांडा फिरवणाऱ्याला सवय नाही हे कळत होतं. मला वाटलं, सणाच्या दिवशी कोण हे गाढव. मग नाणं हातात आलं तेव्हा समजलं कशासाठी चाललं होतं."

"फास लागला असता, मास्तर."

"लागला असता." वेंडेलिन थोडा थांबला, पायाला विसावा दिला. "माझा मुलगा आणि सून त्या हिवाळ्यात तापानं गेली. ही दोन पोरं उरली, आणि घरात भाजीच्या सालीसुद्धा नव्हत्या. मी कोठारापाशी गेलो. टांकसाळीचा पगारी माणूस, लाजेनं मान वर होत नव्हती. कुणी मला नाव विचारलं नाही. पोतं दिलं आणि म्हणाले, जड आहे, गाडीवर टाकून देऊ का. ती पोरं आज जिवंत आहेत. आता मी त्या दोघांची नावं सांगायची? कोणत्या तोंडानं?"

आल्बानच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलं नाही. आपण किती जणांचं किती देणं लागतो याचा त्याला एकदम अंदाज आला. पण छातीवर दडपण आलं नाही, उलट मोकळं वाटलं.

घराच्या दारात दोन्ही नातवंडं उभी होती. ती धावत आली आणि वेंडेलिनच्या पायांना बिलगली, तसा तो पडता पडता वाचला. त्यानं त्यांना पाव दिले, ओरडला, कुरवाळलं. मग दाराची कडी धरून वळला.

"नोकरी गेली ना तुझी?"

"गेली."

"माझ्यामुळे?"

"दारामुळे," आल्बान म्हणाला. "सुताराला बोलावलं नाही म्हणून."

म्हातारा हसला. मग आपला उजवा हात त्यानं उन्हात धरला, आणि आल्बाननं पहिल्यांदाच पाहिलं की तो थरथरत होता. कोठडीनं नव्हे, बरेच दिवस थरथरत असावा.

"नवे बिशप निवडून आले की त्यांचा चेहरा कोरावा लागेल," वेंडेलिन म्हणाला. "ठशाला तडा असाच नाही गेला. दंडाच्या टोकाशी माझा हात घसरला होता. कुणाला सांगू नकोस. सोमवारी सकाळी ये, भिंग घेऊन. जेवण इथेच."

"येतो, मास्तर," आल्बान म्हणाला, आणि ही नव्या कामाची बातमी बायकोला सांगायला घराकडे निघाला.